नळात कोंडलेला धबधबा

शनिवारी पहाटे वडखळ नाक्यावर मुंबईहून आलेल्या गाड्यांची वाटणी होते. उजवीकडे वळणारे अलिबागचे. त्यांना घाई नसते, समुद्र कुठे पळून जात नाही. सरळ नागोठण्याच्या दिशेला लागणाऱ्यांपैकी काहीजण मात्र चहालाही पाच मिनिटांच्या वर थांबत नाहीत. टपावर बांधलेल्या सॅक, मागच्या सीटवर एकमेकांच्या खांद्यावर पेंगणारी पोरं, आणि पुढे बसलेल्याचा एकच धोशा: आठाच्या सुमाराला पाणी सुटतं, त्याच्या आत पोचलं पाहिजे.

हे पाणी कुंडलिकेचं. कोलाडजवळ तिच्या पात्रात रबरी तराफ्यांतून खळाळ उतरण्याचा खेळ चालतो, त्यासाठी ही धावपळ. नदीला भरतीची वेळ असते हे खाडीकाठच्या माणसाला नवं नाही, पण ही वेळ चंद्रावर ठरत नाही. ती वीजघरात ठरते.

कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीच्या कड्यावरून कोसळायचं, पन्नास-साठ मैल धावायचं आणि खाडीला मिळायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. पावसाळ्यात त्या गावं वाहून नेतील अशा फुगतात. होळीपर्यंत पात्रात नुसते गोटे आणि मधेमधे डोह उरतात. कुंडलिका मात्र ऐन मे महिन्यात दोन्ही काठ भिजवत वाहते. वर्षाचे बारा महिने तिच्यात तराफे चालतात, काठावर तंबू पडतात, रोह्याच्या शेतांत उन्हाळी भात उभं राहतं. हे एवढं पाणी तिचं नाही. ते घाटावरचं आहे, मुळा नदीचं. सह्याद्रीच्या पूर्व उताराने पुण्याला जाऊन मुठेला भेटायचं, मग भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचायचं, अशी त्याची मूळ वाट. गेली जवळजवळ शंभर वर्षं ते उलट्या दिशेला उतरून अरबी समुद्राला मिळतं आहे. कोलाडला राफ्टिंग करून आलेल्या माणसाने सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे, आणि ती सहसा कुणी त्याला सांगितलेली नसते.

वडखळहून ही गोष्ट सुरू करायला आणखी एक कारण आहे. मुंबई-गोवा रस्ता आज नाक्यावरून जातो, पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईचा माणूस या भागात पाण्यातून येई. वडखळजवळ अंबा नदीच्या खाडीवर धरमतर बंदर आहे. नावातच तर आहे, आणि तर म्हणजे पाणी ओलांडायची होडी. मुंबईहून बोटीने धरमतर गाठायचं आणि तिथून मोटारीने पेण, नागोठणं, माणगाव, महाड करायचं, हा तेव्हाचा नेहमीचा मार्ग. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या सत्याग्रहाला निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र हा मार्ग टाळला. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर धरमतरहून महाड चालत गाठणं अवघड होतं. म्हणून ते 'पद्मावती' बोटीने दासगावच्या बाजूने गेले, तिथून महाड पाच मैलांवर. चवदार तळ्याचं पाणी कुणाचं, हा प्रश्न त्या वर्षी महाडला लढला जात होता. त्याच वर्षी, महाडच्या उत्तरेला फार दूर नसलेल्या भिऱ्याच्या वीजघरात घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी पहिल्यांदा उतरलं. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासात १९२७ हे साल पाण्याचं साल म्हणून लक्षात ठेवावं, असं हे जवळपण आहे.

मुक्कामाला येण्याची हौस या दरीत नवी असली तरी तंबू नवे नाहीत. फक्त त्यांत राहणारे वेगळे होते. इंग्रजी अमलात थंडी पडली की जिल्ह्याचे अधिकारी दौऱ्यावर निघत. कलेक्टराचा तळ आमराईत पडे, कचेरी तंबूतच भरे, जमाबंदीची कागदपत्रं तिथेच तपासली जात. दूध, अंडी, जळण, घोड्यांना गवत हे सगळं गावाने पुरवायचं. ओझी वाहायला वेठीला धरलेली माणसं, त्यातही बहुतेक भार महारांवर आणि कातकऱ्यांवर. डोंगरापलीकडे जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य. तिथलं फणसाडचं रान शिकारीसाठी राखलेलं होतं, तिथे तळ पडे तो बंदुकांचा. १९८६ साली ते रान अभयारण्य झालं. आज शेकरू आणि पाखरं पाहायला लोक तिथे जातात, सुपेगावला वनखात्याच्या तंबूंत राहतात. रानातल्या पाणवठ्यांना तिथली माणसं 'गाण' म्हणतात, आणि हा शब्द आजच्या माहितीफलकांपर्यंत टिकला आहे. राज्यं गेली, पाणवठ्यांची नावं राहिली.

गावकऱ्यांचा स्वतःचा असा उघड्यावरचा सोहळा मात्र कुणाच्या दौऱ्यावर अवलंबून नव्हता. तो म्हणजे पोपटी. भात कापून झालं की ओलीवर वाल-पावटा पेरतात. पौष-माघात शेंगा भरल्या की संध्याकाळी शेतात माणसं जमतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधेमधे बटाटे, कांदे, अंडी, जमलं तर मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, पालापाचोळा रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारला की चर्र आवाज येतो, त्यावरून जाणता माणूस शिजलं की नाही ते सांगतो. भांबुर्ड्याचा वास त्या शेंगांना लागतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात पोपटीशिवाय थंडी गेली असं कुणी म्हणणार नाही. कोलाडच्या तंबूवाल्यांनी हल्ली पोपटी आपल्या रात्रीच्या जेवणात घेतली आहे, आणि ते योग्यच झालं. शहरातून आलेल्यांना या मातीचं काही चाखायला मिळावं, तर ते हेच.

आता घाटावर जाऊ.

मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्याच्या विजेवर चालवायचं, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ साली वारले, काम मुलांनी पुढे नेलं. लोणावळ्याच्या परिसरात तळी बांधून ते पाणी खोपोलीला उतरवलं गेलं आणि १९१५ साली तिथे वीज सुरू झाली. त्यानंतर भिवपुरी, १९२२ साली. तिसरी योजना सगळ्यांत मोठी: नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात मुळशीला धरण बांधायचं, तळ्याचं पाणी डोंगर पोखरून कड्याच्या काठापर्यंत आणायचं आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याला आपटायचं. सह्याद्रीने पश्चिमेकडे दिलेला तो सरळ कडा हीच या योजनेची खरी पुंजी. इतक्या उंचीवरून पाणी दुसरीकडे सहज मिळत नाही.

पण तळ्याखाली जाणारी जमीन रिकामी नव्हती. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं, त्यांतली आंबेमोहराची खाचरं, देवळं, राहत्या घरांचे चौथरे, सगळं पाण्यात जाणार होतं. कुणाला विचारलं नव्हतं. एका शेतकऱ्याच्या शेतात न सांगता चर खणले गेले, त्याने हरकत घेतली तेव्हा साहेबाने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, अशी हकीकत या लढ्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. सरकारने जमीन संपादनाचा कायदा टाटा कंपनीच्या मदतीला दिला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळे, त्यांच्यात बायका आणि मुलंही, धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे यांनी संघटना बांधली, पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि या लढ्यातच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. कंपनीने सहा महिने काम थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. अटका झाल्या, शिक्षा झाल्या, जाईबाई भोईर यांच्यासारख्या बायका तुरुंगात गेल्या.

लढा हरला, आणि त्याचं एक कारण मुळशीच्या बाहेर होतं. पेट्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे होती. भरपाईची रक्कम वाढली तशी त्यांची नजर रकमेकडे गेली, आणि कसणारा मावळा एकटा पडला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी साथीदारांसह धरणाच्या कामाची आगगाडी अडवून गोळ्या झाडल्या. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. पुढे राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर संशोधन करून ग्रंथ लिहिला तेव्हा मुळशीला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. नर्मदेच्या साठ वर्षं आधीचं हे प्रकरण महाराष्ट्राच्या शाळेत जेमतेम दोन ओळींत येतं, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

इकडे खाली भिऱ्याला मजुरांच्या वस्त्या पडल्या, कड्यावर नळ चढले, आणि १९२७ मध्ये पाणी फिरू लागलं. कुंडलिकेच्या दरीतला सगळ्यांत मोठा धबधबा त्या वर्षी जन्माला आला, फक्त तो दिसत नाही. तो लोखंडी नळांत कोंडलेला आहे. पायथ्याला उभं राहून वर पाहिलं की डोंगराच्या अंगावरून उतरलेल्या रेघा तेवढ्या दिसतात. ना फेस, ना तुषार. चक्रं फिरवून बाहेर पडलेलं पाणी निवळ शांत असतं, आणि ते मोकळं झालं की त्याला कुंडलिका म्हणायचं.

सुरुवातीची अनेक वर्षं या मोकळ्या पाण्याचं फार काही झालं नाही. मग त्याला एकेक गिऱ्हाईक मिळत गेलं. कोलाडजवळ डोलवहाळला बंधारा झाला, कालवे निघाले, कोरड्या खाचरांत दुसरं पीक आलं. धाटावला औद्योगिक वसाहत उभी राहिली, ती याच पाण्याच्या भरवशावर, आणि तिच्या सांडपाण्याने रोह्याखालच्या खाडीतले मासे मारले, हेही याच इतिहासात मांडायला हवं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला सरकारने आणखी एक शहाणपणाचं काम केलं. भिऱ्याहून सुटलेलं पाणी तिथेच बंधाऱ्यात अडवून रवाळजे येथे ४० मेगावॉटचे दोन संच बसवले. एकदा वीज करून झालेल्या पाण्याकडून दुसऱ्यांदा वीज. राफ्टिंगचा 'आठाचा सुमार' या दुसऱ्या वीजघराशी बांधलेला आहे. संच चालू झाले की पाणी सुटतं आणि पात्र चढतं. संच बंद झाले की तासा-दोन तासांत गोटे पुन्हा वर येतात. ज्या दिवशी वीज करायची नसेल त्या दिवशी तराफे काठावर उपडे पडून राहतात.

राफ्टिंग इथे आलं ते या शतकाच्या पहिल्या दशकात. गंगेवर हात बसलेल्या लोकांनी ही नदी पाहिली आणि त्यांना कळलं की हिमालयाच्या दक्षिणेला वर्षभर एवढं खळाळतं पाणी मिळणं दुर्मीळ आहे. सुरुवातीचे बरेच गाइड हृषीकेश आणि नेपाळकडचे. साजे गावाजवळून तेरा-चौदा किलोमीटरचा पल्ला, दोन-अडीच तासांचा. पहिल्याच मोठ्या खळाळाचं नाव 'मॉर्निंग हेडेक' पडलं, आणि ते त्या पाहुण्या गाइडांच्याच तोंडचं. आता काठच्या गावांतली मुलं सुकाणूला बसतात. ज्या नदीत आजोबांनी गळ टाकले, त्या नदीचे खळाळ नातू हिंदी-इंग्रजी आज्ञा देत उतरवतो. त्याला पाण्याचा रंग पाहून किती संच चालू आहेत याचा अंदाज येतो. ही विद्या कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घातले. ते आवश्यकच होतं, कारण रिकामं दिसणारं पात्र पाहून पोहायला उतरलेल्या परक्या माणसाला पाणी केव्हा चढलं ते कळत नाही.

वेळापत्रकावर चालणारं पाणी ही काही कुंडलिकेचीच खासियत नव्हे. नायगाऱ्याचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. न्यूयॉर्क राज्याने १८८५ मध्ये कारखान्यांच्या तावडीतून धबधब्याचा काठ सोडवून तिथे सार्वजनिक उद्यान केलं. अमेरिकेतल्या सगळ्यांत जुन्या राज्य उद्यानांत त्याची गणना होते. पण विजेसाठी पाणी वळवणं थांबलं नाही, तेव्हा १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला: पर्यटनाच्या मोसमात दिवसा दर सेकंदाला निदान १ लाख घनफूट पाणी कड्यावरून सोडायचं, रात्री आणि हिवाळ्यात निम्मं चालेल. म्हणजे रात्री नायगारा मुद्दाम बारीक केला जातो. फरक असा की तिथे पाहणाऱ्याचा हक्क करारात लिहिलेला आहे. कुंडलिकेच्या काठी तंबूत झोपलेल्याला असा कोणताही हक्क नाही. मुंबईची विजेची भूक भागवून जे सुटेल, ते त्याचं.

भिऱ्याला न कोंडलेला धबधबाही आहे. बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या काठाकाठाने, मग झाडीतून, ओढे ओलांडत दोनेक तास चाललं की देवकुंड लागतं. कातळाच्या अर्धवर्तुळात वरून धारा कोसळतात आणि खाली निळंहिरवं कुंड. कुंडलिकेचा उगम तो हाच, असं मानतात. गावच्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मोबाइलवरच्या छायाचित्रांनी गेल्या दहा-बारा वर्षांत ते सगळ्यांना माहीत केलं, आणि एकेका रविवारी शेकड्यांनी माणसं येऊ लागली. वाट दाखवायला भिरा-पाटणूसची मुलं पुढे आली, घरोघरी पिठलं-भाकरी मिळू लागली. त्याचबरोबर बुडून मेलेल्यांच्या बातम्याही आल्या. ओढे चढल्याने पलीकडे अडकलेल्या माणसांना दोर बांधून आणावं लागलं. हल्ली ऐन पावसाळ्यात जिल्हा प्रशासन तिथे जाण्यास बंदी घालतं. वरच्या ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईच्या निरभ्र सकाळी निघालेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ कड्याखाली उभं राहिल्यावर कळतो. त्या वेळी उशीर झालेला असतो. बंदीवर रागावणाऱ्यांनी गावकऱ्यांना विचारावं. आषाढात ते स्वतः देवकुंडाकडे फिरकत नाहीत.

आणि हाच भिरा उन्हाळ्यात भट्टी होतो. तिन्ही बाजूंनी कडे, वाऱ्याला वाट नाही. २८ मार्च २०१७ रोजी इथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि देशभरच्या वृत्तपत्रांनी या गावाचं नाव छापलं. त्या दिवशीही वीजघरातून बाहेर पडणारं पाणी थंडगार होतं. म्हशी मानेपर्यंत त्यात बसलेल्या असतात, तीही इथली जुनी रीत.

रविवारी दुपारी तंबू मोकळे होतात. सतरंज्या झटकल्या जातात, पोपटीची काळी मडकी राखेतून बाहेर काढली जातात. कुंडलिकेचं सकाळचं पाणी तोवर डोलवहाळच्या बंधाऱ्याशी पोचलेलं असतं. काही कालव्यात शिरतं, काही रोह्यावरून खाडीला लागतं आणि रेवदंडा व कोर्लईच्या दोन किल्ल्यांमधून समुद्रात जातं. माणसं उलट दिशेने निघतात. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा रस्ता रुंद करण्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तरी सुट्टीच्या संध्याकाळी वडखळची रांग या भागातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. कडेच्या दुकानांत पेणचे पापड, पोहे, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घेऊन लोक गाडीत बसतात आणि तासभर जागेवरून हलत नाहीत.

त्याच वेळी भिऱ्याला रात्रपाळी लागते. १९९० च्या दशकात तिथे १५० मेगावॉटचा एक संच असा बसवला गेला, जो उलटाही फिरतो. रात्री मुंबईचे दिवे मालवतात, वीज उरते, तेव्हा तो पाणी वर ढकलतो. दिवसा उतरलेल्या पाण्यातलं थोडं पुन्हा डोंगर चढतं, पाचशे मीटर, आणि मुळशीच्या तळ्यात, आंबेमोहराच्या त्या खाचरांवर जाऊन थांबतं.